स्वतः हजर

१

भिंगोबाचं खरं नाव सेवापुस्तकाबाहेर कुठे उरलं नव्हतं. बावीस वर्षं एक डोळा भिंगाला लावून बसलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? आधी ड्रायव्हरनं गमतीनं हाक मारली, मग ऑफिसच्या बाई म्हणायला लागल्या, आणि एक दिवस घरी बायकोनंही "अहो भिंगोबा, पानं वाढलीत" म्हटलं, तेव्हा त्यानं नाद सोडून दिला.

काम साधं होतं. पाइनच्या डहाळीवर बसलेली खवलेकीड मोजायची. मसुराच्या दाण्याएवढी तपकिरी कीड, पाठीवर टणक ढाल. पिल्लू असताना दोन दिवस काय ती चालून घेते. मग जागा बघून सालीत तोंड रुतवते, पाय झडून जातात, आणि मरेपर्यंत तिथंच बसून रस पिते. मेली तरी ढाल जागची हलत नाही, म्हणून वाळलेली डहाळीसुद्धा वर्षभरानं मोजता येते.

डोंगरावर तीन उंचींवर तीन पट्टे आखले होते. खालचा, मधला, वरचा. प्रत्येकात दहा झाडं. वर थंडी, म्हणून कीड कमी, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण झाडच आधी आजारी असेल, मुळं खडकात आणि पाण्याची मारामार, तर थंडी त्याला वाचवते का? हे संशोधन चालवणाऱ्या ऑफिसच्या बाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यापायी त्यांनी आयुष्यातली सहा वर्षं घातली होती. भिंगोबानं दर महिन्याला तिन्ही पट्ट्यांत जाऊन जागेवर मोजायचं, तक्त्यात आकडे भरायचे आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं, "स्वतः हजर". मोजलेली डहाळी पुरावा म्हणून कापून पुडक्यात ठेवायची. वरच्या पट्ट्यातलं हे कापायचं काम तिथल्या चौकीवर राहणारे काका करायचे, आणि पुडकं वळणावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. पंधरा दिवसांनी ड्रायव्हर शिधा ठेवायचा आणि पुडकं घेऊन यायचा. फोन वर लागत नव्हता.

काका म्हणजे भिंगोबाचे सख्खे काका. वडील गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, भिंग धरायला शिकवलं, साहेबांच्या हातापाया पडून या नोकरीत चिकटवलं. सत्तरी आली तरी ते वर एकटे राहत होते, कारण दर महिन्याला पुतण्या येणार हा त्यांना भरवसा होता.

आणि पुतण्या अकरा महिन्यांत एकदाही वर गेला नव्हता.

पहिल्या महिन्यात गुडघा सुजला होता, हे खरं. दोन महिन्यांत तो बरा झाला, हेही खरं. पण तोवर चटक लागली होती. बायको काकांसाठी लोकरी मोजे, बाम, बिस्किटं बांधून द्यायची. हा पिशवी घेऊन निघायचा, बाजारात उतरायचा आणि वाचनालयाच्या बाकावर पाचपर्यंत पेपर वाचत बसायचा. तिथंच तक्ता भरायचा. पहिल्या दोन महिन्यांत घरांचे आणि बसचे नंबर, तिसऱ्या महिन्यात मेहुणीचा फोन नंबर. दहा आकडे, दहा झाडं, कसं छान बसलं! वरची झाडं आजारी पडताहेत आणि थंडी असूनही कीड वाढतेय, असं दिसलं की बाईंचा चेहरा उजळायचा, म्हणून मग तो त्याच नंबरात दर महिन्याला दहा-दहा मिळवत गेला. झाडांच्या अवस्थेपुढे "ताण वाढलेला" असं लिहीत गेला. मोजे आणि बाम ऑफिसच्या कपाटात कोंबून ठेवले होते. बिस्किटं त्यानंच खाल्ली होती.

"सोमवारी बाहेरचे परीक्षक येतायत," त्या बुधवारी बाई म्हणाल्या. "वरच्या पट्ट्याची पुडकी ते स्वतः मोजणार आहेत. आकडे एवढे चांगले आलेत की त्यांचा विश्वास बसत नाहीये."

भिंगोबानं टेबलावरचा तक्ता पालथा घातला. मग तो हसला आणि "बघू देत की" म्हणाला.

२

दुपारी बाई जेवायला घरी गेल्या, तशी त्यानं दाराला कडी घातली आणि अकरा पुडकी टेबलावर मांडली. एकही आजवर उघडलं नव्हतं. बेत सरळ होता. कीड जास्त निघाली तर सुईनं खरवडून टाकायची. कमी निघाली तर मग देवच वाली.

पहिलं पुडकं. पहिल्या झाडाची डहाळी. त्यानं भिंग लावलं, सुई फिरवत मोजलं. चौदा. तक्त्यातही चौदा.

"चला," तो स्वतःशी म्हणाला, "सुरुवात तर बरी झाली."

दुसरी डहाळी, नऊ. तक्त्यात नऊ. तिसरी, अकरा. तक्त्यात अकरा. चौथ्या डहाळीला त्याला घाम फुटला. दहाव्या डहाळीपर्यंत सुई खरवडायला एकदाही लागली नाही.

योगायोग असतो माणसाच्या नशिबात. बावीस वर्षांचा अनुभव, हात बसलेला, मनाला येणारा आकडाही बरोबरच येत असेल. अशी समजूत घालत त्यानं तिसऱ्या महिन्याचं पुडकं फोडलं. नऊ. आठ. दोन. दोन. चारच्या जागी चार, शून्याच्या जागी कोरी, गुळगुळीत डहाळी. झाडांवर मेहुणीचा फोन नंबर ओळीनं बसला होता. शेवटचा सात येऊ नये म्हणून त्यानं ती डहाळी तीनदा मोजली.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावली. साखळीच्या आवाजानं तो एवढा दचकला की भिंग हातातून सुटलं. वास्तविक त्यानं आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. परीक्षक येतील, मोजतील, पाठ थोपटतील आणि जातील. पण त्यानं भिंग उचललं आणि पुडकी घाईघाईनं पुन्हा बांधायला घेतली.

३

पुडकी पुन्हा बांधताना त्याला चिठ्ठी दिसली. पहिल्या पुडक्याच्या तळाशी, चौपट घडी केलेली. काकांचं अक्षर.

"भिंग्या, आज आलास, बरं वाटलं. घोटभर पाणीही न घेता गेलास. गुडघा पुन्हा दुखत असेल. जपून रहा."

खाली तारीख होती. तक्त्यातलीच तारीख. त्या दिवशी तो वाचनालयात होता. छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं, कारण त्या दिवशी बाकाचा खिळा लागून त्याची विजार फाटली होती.

प्रत्येक पुडक्यात चिठ्ठी होती. तो उभ्या उभ्या वाचत गेला.

"हाक मारली तर वळून बघितलं नाहीस. दिवसभर सातव्या झाडाला टेकून उभा. माझं काही चुकलं का पोरा?"

"छातीत कळ येते म्हणून तुला सांगितलं. ऐकलंस की नाही, कळलं नाही. औषधाचं बघ जमलं तर."

"पाया पडतो तुझ्या, मला खाली ने. डब्यापर्यंत जाताना दहादा बसावं लागतं. झाडापाशी एवढा वेळ उभा राहतोस, पाच मिनिटं आत ये. तोंड तरी दाखव."

म्हातारपण, त्यानं मनाशी म्हटलं. एकटा माणूस, वरची विरळ हवा, भास होणारच. कुणी लाकूडतोड्या येत असेल आणि म्हाताऱ्याला पुतण्या वाटत असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. पण चिठ्ठ्या भासाच्या नव्हत्या. काकांनी हातानं लिहून, घडी घालून, त्याच्या नावानं धाडल्या होत्या, आणि त्या त्याच्या हाताशी अकरा महिने पडून होत्या. पुडकं उघडायला किती वेळ लागला असता? दोरीची एक गाठ सोडायची, बस. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की तो खाली फरशीवरच बसला.

शेवटच्या चिठ्ठीवर तारीख नव्हती. अक्षरं ओळ सोडून खाली घसरली होती.

"आता तू जातच नाहीस."

४

"काय हो भिंगोबा, काका बरे आहेत ना?" संध्याकाळी ड्रायव्हरनं गाडी लावता लावता विचारलं.

"बरे आहेत." जिभेला सवयच लागली होती.

"नाही, या महिन्याचं पुडकं डब्यात आलंच नाही. आणि मागचा शिधा तसाच पडलाय, उंदरांनी पोतं फोडलंय. वर चौकीपर्यंत चढून बघणार होतो, पण तुम्ही मागच्या मंगळवारी जाऊन आलाय ना, मग म्हटलं कशाला? काही असतं तर तुम्ही बोलला असता."

मंगळवारी. तक्त्यात मंगळवारच लिहिला होता. म्हणजे म्हातारा पंधरा दिवस अन्नाशिवाय वर पडला होता, आणि ड्रायव्हर गेला नाही तो फक्त भिंगोबाच्या सहीमुळे. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि "जाईन उद्या" एवढंच म्हणाला.

सकाळी बाईंना सांगायला गेला तेव्हाही तो मनाशी ठरवून गेला होता, सगळं ओकून टाकायचं. पण शब्द निघाले ते भलतेच.

"बाई, काकांना खाली घेऊन येतो आज."

"आणाच," बाई म्हणाल्या. "आमच्या आईला मी अशीच गावी एकटी ठेवली होती. पुढं फार जड गेलं. तुम्ही दर महिन्याला जाता म्हणून मला काकांचा घोर नसतो, बघा. नाहीतर कुणाला एवढी माया असते?"

भिंगोबानं मान खाली घातली. बाईंना वाटलं, कौतुकानं लाजला.

५

खालचा पट्टा हिरवागार होता. मधला बरा होता, इथंतिथं पानांची पिवळी सुई. भिंगोबा भराभरा चढत होता. गुडघा अजिबात दुखत नव्हता, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

वळणावर डब्यापाशी उंदीर पळाले. तिथून वर पाऊण तासाची पायवाट. जसजसा चढत गेला तसतसा पाय जमिनीला धरायला लागला. आधी त्याला चिखल वाटला, पण पाऊस तर नव्हता. चिकटा होता. कीड रस पिते आणि मागून गोड चिकटा सांडते, हे त्याला पाठ होतं. पण इथं पायवाट चकाकत होती. त्यावर काळी बुरशी धरली होती, आणि एवढा गोडवा सांडलेला असून मुंगीचं नाव नव्हतं.

वरच्या पट्ट्यातली झाडं काळी पडली होती. सुया झडल्या होत्या. डहाळीवर साल म्हणून दिसत नव्हती, नुसत्या ढाली, एकीला एक लागून. त्यानं तक्त्यात "ताण वाढलेला" लिहिलं होतं, वाचनालयाच्या पंख्याखाली बसून. आता दहाही झाडं त्याच्यासमोर तशीच उभी होती, आणि त्याला त्यांच्याकडे बघवेना.

सातव्या झाडापाशी तो थांबला. खोड काजळीनं माखलेलं, पण एका बाजूला स्वच्छ. ओलसर, फिकट डाग. कपाळाएवढा एक, त्याच्या खाली छातीएवढा मोठा, खाली गुडघ्यांचे दोन. कपाळाच्या जरा खाली सालीत एक भोक होतं, आणि त्यातून अजून रस झिरपत होता.

अस्वल, तो म्हणाला. अस्वलं अंग घासतात. मोठ्यानं म्हणाला, म्हणून स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. डाग त्याच्या उंचीचे होते. जवळ जाऊन ताडून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

६

चौकीचं दार बंद होतं. कडी हाताला चिकटली.

"काका! मी आलोय."

आत हालचाल झाली. मग काकांचा आवाज आला, दाराच्या अगदी पलीकडून, जमिनीजवळून. बसलेले असावेत.

"आज तोंड फुटलं होय रे? अकरा महिने मुक्यासारखा उभा राहिलास. मी रडलो, शिव्या घातल्या, तुझ्या बापाची शपथ घातली. दगडाला पाझर फुटला असता. आता कशाला हाका मारतोस?"

"काका, दार उघडा. न्यायला आलोय तुम्हाला."

"नाही यायचं मला तुझ्याबरोबर. लहानपणी ताप चढला तर रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरलो तुला. माझी कळ तुला सांगितली, तर तू झाडाला तोंड लावून उभा. एवढा निर्दय कधी झालास?"

"तो मी नव्हतो काका."

"मग कोण, तुझा जुळा भाऊ?"

भिंगोबा दाराला टेकला. हा आळ पुसायचा तर एकच वाट होती, आणि ती निर्दयपणाहूनही वाईट होती. त्याला वाटलं, नकोच सांगायला. "चुकलं माझं" म्हणावं, काकांना उचलावं आणि चालू पडावं. पण म्हाताऱ्याचा श्वास दारापलीकडे घरघरत होता, आणि त्याच्यानं राहवेना.

"मी आलोच नाही काका. एकदाही नाही. बाजारात बसून राहायचो. आकडे खोटे, तारखा खोट्या. तुमच्या चिठ्ठ्या काल वाचल्या. मी फार नीच वागलो तुमच्याशी, पण तो मी नव्हतो."

आत जमिनीवर अंग घासत वळल्याचा आवाज आला. मग कडी सरकली, अगदी सावकाश, आवाज होऊ नये अशी. फटीत काकांचा चेहरा दिसला. गालाची हाडं वर आलेली, ओठ फाटलेले. आवाजातला राग कुठल्या कुठे गेला होता.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग हळू बोल," काका कुजबुजले. "तो आत आहे."

फटीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं भिंगोबाचं मनगट पकडलं. "गार वारा सुटला म्हणून मीच परवा आत घेतला रे. तुझा आवाज ऐकला तर वाटलं, तोच कधी बाहेर गेला, आत्ता वळून बघितलं. आपलं पोर, कितीही झालं तरी. उचल मला. पायात त्राण नाही. उचल लवकर."

भिंगोबानं दार ढकललं आणि वाकला. वाकता वाकता त्याची नजर काकांच्या डोक्यावरून आत गेली. खोली अंधारी होती. पलीकडच्या लाकडी भिंतीशी कुणीतरी उभं होतं, हात अंगालगत सरळ, तोंड फळीला लावलेलं. त्याच्यासारखाच चौकड्यांचा शर्ट. मानेवर तोच तीळ, जो त्यानं स्वतः फक्त न्हाव्याच्या आरशात बघितला होता. शर्टाच्या खाली विजार, आणि विजारीच्या खाली त्याला पाय दिसले नाहीत. अंधार असेल.

मग ते डोकं फळीपासून सुटायला लागलं. कागदावरची चिकटपट्टी ओढावी तसा बारीक, लांबलचक आवाज येत राहिला.

"उचल ना रे," काका म्हणाले.

भिंगोबा सरळ झाला. मनगट सुटेना. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढी ताकद असेल असं कुणाला वाटलं नसतं. त्यानं दुसऱ्या हातानं ती एकेक करून सोडवली, करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. काका त्याच्याकडे बघत होते. त्यांनी हाक मारली नाही.

तो पळाला.

७

ऑफिसात पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. मधल्या पट्ट्यापाशी तो दोनदा थांबला होता, परत फिरायचं ठरवून दोनदा चार पावलं वरही गेला होता, आणि मग पुन्हा उताराला लागला होता. ड्रायव्हरला घेऊन जावं, चार माणसं घेऊन जावं. हे सगळं सांगायचं म्हणूनच तो बाईंच्या खोलीत शिरला.

बाई परीक्षकांसाठी कागद लावत होत्या. त्यांनी खुर्ची दाखवली.

"बसा. केवढ्या धापा टाकताय! काका कुठे आहेत?"

"नको म्हणाले." त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, थांबवता येत नव्हता. "बरे आहेत. वरच बरं वाटतं म्हणाले."

"हट्टी आहेत हो," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी मी येते तुमच्याबरोबर, मग बघू कसे येत नाहीत."

भिंगोबाला रडू फुटलं. बाईंनी कागद बाजूला ठेवले. आता सांगतो, आता सांगतो, असं तो मनात म्हणत होता. म्हातारा उंबऱ्यावर पडला होता आणि दिवस मावळायला तासभर होता. अजूनही वेळ गेली नव्हती. त्यानं नाक पुसलं आणि तोंड उघडलं.

"बाई!" अंगणातून ड्रायव्हरची आरोळी आली. "अहो बाई, बाहेर या! भिंगोबांनी काकांना पाठीवर आणलंय! एवढा डोंगर उतरून, एकट्यानं! अहो, काकांना पाणी द्या कुणीतरी!"

बाईंचा हात हवेत राहिला. त्यांनी दाराकडे बघितलं, मग खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघितलं. पायऱ्यांवर पावलं वाजली. जड, सावकाश, प्रत्येक पायरीवरून सुटताना चिकटल्यासारखी. दाराबाहेर येऊन ती थांबली आणि काकांचा आवाज आला. थकलेला, ओला, पण गेल्या कितीतरी वर्षांत भिंगोबानं ऐकला नव्हता एवढा समाधानी.

"बस रे पोरा, पोचलो. आता ठेव मला खाली. दमला असशील."

बाई दार उघडायला उठल्या. उघडू नका, असं ओरडावं म्हणून भिंगोबाही अर्धा उठला. पण म्हातारा जिवंत होता, खाली पोचला होता, आणि त्याला ज्यानं आणलं होतं त्याला अडवायचा हक्क भिंगोबाला उरला नव्हता. तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्यानं बाईंना दार उघडू दिलं.